दोन शर्टांचं कापड लांब

आजच्या सत्कार आणि निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मोरणाकाठ क्रीडा मंडळाचे आधारस्तंभ माननीय वीरधवलदादा, ज्यांच्यासाठी आपण कुणी उसाची तोड सोडून, कुणी दुकानाचं शटर लवकर ओढून शिराळ्याच्या या सभागृहात जमलो, ते सत्कारमूर्ती, आपले फुटबॉलचे रेफरी जाफरभाई, त्यांच्या शेजारी बसलेल्या, आणि मघापासून ‘मला कशाला वर बसवलं’ अशा चेहऱ्यानं पदर सावरणाऱ्या रशीदाभाभी, पाटणहून मुद्दाम आलेले तिथल्या संघाचे गोलरक्षक वसीम, डाव्या टोकाच्या खुर्चीत ताठ बसलेले आपल्या संघाचे प्रशिक्षक, निवृत्त सुभेदार गुंडाराव, ज्यांना मी आज ‘माननीय’च म्हणणार आहे, कारण कार्यक्रम संपल्यावर आम्हा दोघांना एकाच घरी जायचं आहे, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो आणि माझ्याकडून कधी ना कधी कान पिळून घेतलेल्या माजी विद्यार्थ्यांनो.

वीरधवलदादांनी मला थोडाच वेळ दिला आहे. पण मध्ये टाळ्या वाजल्या, कुणाचा मोबाईल वाजला, तर वाया गेलेला तेवढा वेळ मी शेवटी वाढवून घेईन. हा नियम माझा नाही, जाफरभाईंच्या खेळातला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट उघड सांगून टाकते. मी नुसतं गौरवाचं भाषण करायला उभी नाही. माझं एक मागणं आहे. आमच्या साईराजला रेफरी व्हायचं आहे. जाफरभाई म्हणतात, बापानं तोंडानं हो म्हटल्याशिवाय मी त्याच्या हातात शिट्टी देणार नाही. आणि बाप म्हणतो, “रेफ्री? लोकांच्या शिव्या खायला? आमच्या पोरानं?” आता रेफरीला किती आणि कोणत्या शिव्या बसतात याची माननीय सुभेदारांना आतून माहिती आहे, हे या तालुक्यात मी सांगायला नको. तर हे दोघेही आज एकाच व्यासपीठावर बसले आहेत, दोघांच्याही गळ्यात हार आहेत, आणि हार घातलेल्या माणसाला मधूनच उठून जाता येत नाही. अशी संधी मला पुन्हा कधी मिळणार?

पण आधी जाफरभाईंविषयी. नाहीतर लोक म्हणतील, बाई सत्काराला आल्या आणि स्वतःचंच गाऱ्हाणं गाऊन गेल्या.

जाफरभाईंचं टेलरिंगचं दुकान आपल्या बाजारपेठेत आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. या तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांचे कोट त्यांनी शिवले आणि उरलेल्या निम्म्यांनी इस्लामपूरला शिवून पश्चात्ताप केला. आपल्या संघाच्या जर्सी तेच शिवतात. पाटणकरांच्याही तेच शिवतात. म्हणजे मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूच्या छातीचं आणि पोटाचं माप या माणसाच्या डोक्यात असतं. कुठला स्ट्रायकर दिवाळीनंतर जड झालाय, हे प्रशिक्षकाच्या आधी यांना कळतं. सुभेदार मान हलवताहेत, म्हणजे खरं आहे.

आणि त्यांच्या रेफरीपणातही तो टेलर कधी लपला नाही. फुटबॉलमध्ये कुणी जायबंदी झाला आणि त्यासाठी खेळ थांबवला, तर खेळ पुन्हा सुरू करायचा एक रीतसर नियम आहे. रेफरी चेंडू हातात घेतो आणि एका खेळाडूसमोर खाली सोडतो. त्याला म्हणतात ड्रॉप बॉल. आपली पोरं त्याला ‘टप्पा’ म्हणतात. बाकी सगळ्यांनी, दोन्ही बाजूंच्या, त्या वेळी चार मीटर लांब उभं राहायचं. आता ऐन खेळात चार मीटर मोजणार कोण? जाफरभाई हात पसरून ओरडायचे, “मागं सरा रं, दोन शर्टांचं कापड लांब.” दोन हाफ शर्टांना चार मीटर कापड लागतं, हे आपल्याकडच्या पोरांना बरोबर समजतं. पोरं मागे सरायची. एखादा पुढेच घुटमळला तर, “तुजं कापड कमी पडलं, गड्या. एक बाही ऱ्हायली.” मग तोही सरायचा.

दुसरा त्यांचा आग्रह टप्प्याचा. चेंडू जमिनीला टेकल्याशिवाय तो खेळात येत नाही. आपली पोरं गल्लीत ‘एक टप्पा आऊट’चं क्रिकेट खेळत वाढलेली. त्यांना टप्पा म्हटलं की चेंडू पकडायचा, एवढंच कळतं. जाफरभाईंनी हातातून चेंडू सोडला रे सोडला की आमच्या संघातला इंद्रजित तो वरच्यावर लाथाडायचा. शिट्टी. परत टप्पा. परत लाथ. परत शिट्टी. जाफरभाई शांतपणे म्हणायचे, “इंद्रजित, जमिनीला टेकू दे. तवर बॉल जित्ता न्हाई.” असं किती वेळा झालं असेल कोण जाणे, पण हा माणूस एकदाही वैतागला नाही. चुकलेली शिवण उसवून परत घालायची सवय असते ना हाताला, तशीच.

आता गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्याकडे येते. तुमच्यातले बहुतेक तिथे होतात. माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसलेले काही जण तर कुंपणाच्या आत होते, आणि तिथे त्यांना असण्याचं काहीही कारण नव्हतं.

आपण आणि पाटण. एक-एक बरोबरी. सामना संपत आलेला. उजव्या बाजूनं चेंडू उंच आला, पाटणच्या गोलसमोर. साईराजनं उडी मारली, त्यांच्या बचावपटूनंही मारली. चेंडू सुटला तो सरळ इंद्रजितच्या पायापाशी. समोर गोल मोकळा. वसीम दुसऱ्या बाजूला पडलेला. इंद्रजितनं पाय मागे घेतला आणि त्याच क्षणी जाफरभाईंची शिट्टी वाजली. शिट्टीनंतर चेंडू जाळ्यात गेला. हलगीवाल्यांनी हलगी सुरू केली, कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली, आणि मैदानाच्या मधोमध जाफरभाई दोन्ही हात हलवताहेत, गोल नाही, गोल नाही.

मग जे झालं त्यात माननीय सुभेदारांचा वाटा मोठा आहे. छत्री उगारून ते मैदानात धावले. आभाळ स्वच्छ होतं. छत्री कशासाठी आणली होती हे मला आजतागायत कळलेलं नाही. मागून अर्धं शिराळं. “आवं जाफरभाई, डोळं शिवून आलाय काय घरनं? उगडा गोल हुता आमचा,” हे त्यातलं व्यासपीठावरून सांगता येण्याजोगं वाक्य. बाकीची मी गाळते.

जाफरभाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते धावत गोलकडे गेले आणि गुडघ्यावर बसले. जाता जाता एवढंच म्हणाले, “सुभेदार, बॉल मेला. पोरगं जित्तं हाय का ते आदी बघू द्या.”

तेव्हा सुभेदारांनी खाली बघितलं. पोरगं कुणाचं होतं, ते त्यांना तेव्हा कळलं.

दोघांची डोकी एकमेकांवर आपटली होती. पाटणचा मुलगा उठून बसला. साईराज उठला नाही. दातखीळ बसलेली, डोळे वर गेलेले. छत्री कुठे पडली ते सुभेदारांना आठवत नाही. आणि आपले लोक तर तुम्ही जाणताच, मनानं सोन्यासारखे. एकजण पाण्याची कळशी घेऊन आला, एकजण कांदा फोडून आला, एकानं पायातलं पायताण काढून हुंगवायला पुढे केलं, दोघे त्याला काखेत धरून उभा करायला निघाले. जाफरभाईंनी हात आडवे केले. “कुनी हात लावायचा न्हाई. पानी न्हाई, कांदा न्हाई. उचलायचं तर अजाबात न्हाई. गाडी बलवा.” आणि साईराजचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून ते तसेच बसून राहिले. कापड कापताना जसा हात स्थिर असतो, तसा हात.

मी बायकांच्या बाजूनं कशी पोचले मला माहीत नाही. जाफरभाई मला म्हणाले, “बाई, हितं बसा. त्येच्याशी बोलत ऱ्हावा. हलवू नका.” बोला म्हणजे काय बोलू? आयुष्यभर वर्गात बोलून पोट भरलं, आणि त्या वेळी माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. शेवटी काय सुचावं? मी पाढा म्हणायला लागले. बे एके बे, बे दुणे चार. म्हणता म्हणता मी म्हटलं, बे साती सोळा. आणि समोरून, मान न हलवता, तळव्यांतलं डोकं जराही न हलवता, जाफरभाई म्हणाले, “चौदा, बाई.”

हसा, हसा. मीही आता हसते. पण त्या वेळी मला त्या ‘चौदा’नं केवढा आधार दिला, ते सांगता येणार नाही. माझं सगळं जग कलंडलं होतं आणि एक माणूस असा होता ज्याच्याकडे अजून बे साती चौदाच होते.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी रुग्णवाहिकेत होते, सुभेदारही. ते मला इंद्रजितनं सांगितलं. गाडी गेल्यावर लोकांनी जाफरभाईंना घेरलं. गोल नाही दिलात, बरं, निदान आता बॉल तरी आम्हाला द्या. नाहीतर जुन्या पद्धतीनं करा. दोन्ही संघांचा एकेक माणूस समोरासमोर उभा करा, मध्ये टप्पा टाका, ज्याच्यात दम असेल तो नेईल. जाफरभाई म्हणाले, नियम बदललाय. खेळ थांबला तेव्हा चेंडू गोलसमोरच्या मोठ्या चौकोनात होता. तिथे थांबला तर टप्पा बचाव करणाऱ्या संघाच्या गोलकीपरलाच. म्हणजे पाटणच्या वसीमला.

आमचा गोल गेला, आणि वर आमचा चेंडूही गेला. तुम्हीच सांगा, शिराळ्याच्या माणसाला हे पचावं कसं?

पण जाफरभाईंनी दोन शर्टांचं कापड लांब सगळ्यांना उभं केलं आणि वसीमसमोर टप्पा टाकला. आणि वसीमनं काय केलं? चेंडू जमिनीला टेकू दिला, आणि शांतपणे बाजूच्या रेषेबाहेर मारून दिला. म्हणजे रेषेवरून चेंडू आत फेकायची पाळी आपली. त्याला असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, नियमातही ते नाही. वसीम, मी त्यासाठी तुमचे आज सर्वांसमक्ष आभार मानते. नंतर पेनल्टीच्या फटक्यांत तुम्ही आमच्या पोरांना जे रडवलंत, त्याविषयी मी काही बोलत नाही.

संध्याकाळी इस्लामपूरच्या दवाखान्यात आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला आतून मार आहे, रात्र काढू द्या. बरं झालं त्याला कुणी उचललं-हलवलं नाही. तेवढ्यात जिन्यातून जाफरभाई आणि रशीदाभाभी आले. जाफरभाईंच्या अंगावर रेफरीचाच पोशाख, गळ्यात शिट्टी, हातात भाभींनी भरलेला डबा. सुभेदार उठून उभे राहिले. मला वाटलं, आता दोन शब्द चांगले बोलतील. सैन्यातला माणूस, छाती भरून काही म्हणेल. त्यांनी डब्याकडे बघितलं आणि विचारलं, “पन बॉल त्यांच्या कीपरला का दिला?”

मी कपाळाला हात लावला. भाभींनीही लावला. पण जाफरभाईंना राग नाही, काही नाही. त्यांना कुणीतरी नियम विचारला, याचाच आनंद. त्यांनी डबा उघडला. झाकण म्हणजे गोल, दोन चमचे म्हणजे खांब, लिंबाची फोड म्हणजे बॉल. “हे बगा सुभेदार. दोघांच्या मधी बॉल टाकला की काय व्हतं? दोघंबी बॉल सोडून एकमेकाच्या नडगीवर हानत्यात. एक जखमी झाला म्हनून खेळ थांबवायचा, आन दुसऱ्याला जखमी करून सुरू करायचा व्हय?” सुभेदारांनी लिंबाची फोड इकडून तिकडे सरकवून पाहिली. दवाखान्याची बाई येऊन म्हणाली, इथं जेवायचं नाही. दोघंही म्हणाले, जेवत नाही, मॅच चाललीय.

सकाळी साईराजनं डोळे उघडले. आम्ही सगळे भोवती. त्यानं आईचं नाव घेतलं नाही, बापाचं घेतलं नाही. विचारलं, “गोल झाला का?” मी जाफरभाईंना डोळ्यांनी खुणावलं, आत्ता हो म्हणा. एवढं एकदा. जाफरभाई म्हणाले, “न्हाई झाला. शिट्टी आदी वाजली.” पोरगं म्हणालं, “मग बॉल कीपरचा.” जाफरभाई म्हणाले, “व्हय.” साईराज म्हणाला, “बराबर हाय,” आणि परत झोपला.

माझ्या मते हा मुलगा त्याच घटकेला रेफरी झाला. फक्त शिट्टी मिळायची राहिली.

डॉक्टरांनी त्याला पुढे धावायची परवानगी दिली, पण डोक्यानं चेंडू मारायचा नाही, टक्कर होईल असा खेळ खेळायचा नाही, असं बजावलं. म्हणजे फुटबॉल संपला. ज्या पोराला शाळेत बाकावर बसवणं मला जमलं नव्हतं, तो मैदानाच्या रेषेबाहेर तासन्‌तास बसून राहायला लागला. आई म्हणून ते बघणं मला फार जड गेलं, हे मी लपवत नाही. मग तो दुकानात जाऊन बसायला लागला. सुभेदारांना वाटायचं पोरगं व्यायामशाळेत जातं. तो जाफरभाईंकडे काज-बटणं करत नियम शिकत होता. उघडकीला कसं आलं सांगू? एकदा जेवताना सुभेदारांनी त्याच्या ताटातल्या भाकरीकडे हात नेला, तर पोरगं म्हणालं, “आबा, दोन शर्टांचं कापड लांब.”

तेव्हापासून घरात हा वाद आहे. आणि यंदाच्या स्पर्धेत जाफरभाईंच्या गुडघ्यानं दगा दिला. त्यांनी स्वतःच मंडळाला सांगितलं, “न पळणारा रेफ्री म्हंजे सुई नसलेलं मशीन. बास आता.” आणि आज आपण त्यांना शाल, श्रीफळ आणि निरोप देतो आहोत.

पण जाफरभाई, तुमचा एक नियम अजून पुरा व्हायचा राहिला आहे, आणि तो पुरा केल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही. जायबंदी खेळाडूवर उपचार झाले की त्यानं रेषेबाहेर जायचं. खेळ पुन्हा सुरू झाला की रेषेवर येऊन उभं राहायचं. मनानं आत यायचं नाही. रेफरीनं हातानं खूण केली, की मगच आत. बरोबर सांगतेय ना मी? मान हलली. तर त्या दिवशी तुम्ही साईराजला बाहेर पाठवलंत, ते योग्यच. खेळ सुरू केलात, तोही नियमानं. पण खूण केली नाहीत. तो अजून रेषेवरच उभा आहे. आत्ताही तिथेच आहे बघा, दाराशी, खुर्च्या मोकळ्या असताना उभा. तुम्ही मैदान सोडलंत तर त्याला आत कोण बोलावणार?

काय म्हणालात? हो, माहीत आहे मला. बापानं हो म्हटलं पाहिजे.

माननीय सुभेदार. हा प्रश्न मी घरी विचारला असता तर तुम्ही पेपर चेहऱ्यासमोर धरला असतात. इथं पेपर नाही. शिव्यांची भीती तुम्हाला आहे, मला नाही का? त्याच मैदानावर मी त्याला एकदा तसं पडलेलं पाहिलं आहे. तरी मी म्हणते, जाऊ दे त्याला. आता तुम्ही बोला.

सुभेदार उठलेत. माईक नको म्हणताहेत. हरकत नाही, मागच्या रांगांसाठी मी सांगते.

ते म्हणतात, “पोराला कुनी शिव्या दिल्या तर गाठ माज्याशी हाय.” मंडळी, म्हणजे कुंपणाजवळची एक जागा तर आजपासून शांत झाली.

थांबा, थांबा. अजून बोलताहेत. जाफरभाईंकडे वळून.

ते म्हणताहेत, “त्या दिवशी शिट्टी मारली, ती बराबर हुती, जाफरभाई.”

हे मागे ऐकू गेलं का? मी पुन्हा सांगते, कारण दवाखान्याच्या त्या बाकापासून मी हेच ऐकायची वाट बघत होते. ती शिट्टी बरोबर होती.

रशीदाभाभी, हात द्या त्यांना, गुडघा दुखेल. जाफरभाई उभे राहिलेत. गळ्यातली शिट्टी काढताहेत, हारात अडकलीय. निघाली. आणि हा बघा, हात वर.

साईराज, खूण झाली. ये बाळा आत. मधल्या वाटेनं ये, आणि धावू नकोस, आजी बसल्यात वाटेत.

मंडळी, आता मला आवरायला हवं; वीरधवलदादांनी घड्याळाकडे बघणंही सोडून दिलं आहे. त्यांचे, मंडळाचे, पाटणच्या पाहुण्यांचे आणि एवढा वेळ बसून राहिलेल्या तुम्हा सगळ्यांचे मी मनापासून आभार मानते. रशीदाभाभी, त्या रात्रीचा डबा आम्ही अजून परत केलेला नाही, तो मुद्दाम ठेवून घेतला आहे. राग मानू नका. बोलण्याच्या ओघात कुणाचा पाय माझ्याकडून तुडवला गेला असेल, विशेषतः डाव्या टोकाच्या खुर्चीतला, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

जाफरभाई, तुमची शिट्टी त्याच्या हातात आली, म्हणजे टप्पा पडला. चेंडू जमिनीला टेकला, आता तो माझ्या मुलाचा. मी आई आहे, जवळ जावंसं वाटणारच. पण नियम मला पाठ झालाय. मी दोन शर्टांचं कापड लांब उभी राहते.